हॅमिल्टन : पिंप भरल्यावर पाणी कुठे जातं?

‘प्रत्येक घराला पावसाच्या पाण्याचं पिंप लावा, बंदर स्वच्छ होईल’ ही सूचना चांगली आहे, पण अपुरी. हॅमिल्टनच्या (ओंटारिओ, कॅनडा) जुन्या भागात मैलापाणी आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून जातं. जोराच्या पावसात ती तुंबली की सगळं ओढ्यांत आणि बंदरात सांडतं. ते अडवायला भूमिगत टाक्या आहेत. त्यांतल्या एकीचं दार २०१४ पासून किंचित उघडं राहिलं आणि २०१८पर्यंत तब्बल २,४०० कोटी लिटर घाण पाणी चेडोक ओढ्यात गेलं. म्हणून टाक्यांच्या तपासणीचा तपशील महापालिकेकडे मागत राहणं फार गरजेचं आहे.

आता पिंपाचा हिशोब. ५० चौ.मी. छपरावर ४ मि.मी. पाऊस म्हणजे २०० लिटर. पिंप तिथंच भरतं. उरलेलं पाणी घराच्या पायापासून किमान ३ मीटर लांबच्या खोलगट वाफ्यात सोडा, नाहीतर तळघरात ओल येते. आधी फूटभर खड्डा खणून पाण्यानं भरा. दोन दिवसांत जिरलं नाही, तर माती चिकण आहे, जागा बदला. गोठवणाऱ्या थंडीआधी पिंप रिकामं करा, बर्फानं तडकतं.