मदत हवी: स्टेशनची तिकीट खिडकी बंद होणार, हरकत कोणाकडे द्यायची?

मोहफूल
आमच्या स्टेशनची तिकीट खिडकी बंद करणार आहेत. भिंतीवर कागद डकवला आहे, हरकती-सूचना लेखी द्या म्हणून. मुदतीचे ९ दिवस उरले. ग्रामसेवकाकडे गेली तर म्हणतो, रेल्वेचं आपल्याकडे येत नाही. सकाळच्या गाडीने बाजाराला जाणाऱ्या बायांजवळ बटनवाला मोबाईल आहे. पत्र डीआरएम (रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक) नागपूरला टाकलं की झालं ना? नमुना असेल तर आजच द्या, उद्या तालुक्याला जात आहे.

राजेहो
कोणतं स्टेशन?

पऱ्हाटी
मोबाईलवर रेल्वेचं रेलवन ॲप टाका, तिकीट त्यातच निघते. मी कितीक दिवसांत खिडकीचं तोंड पाहिलं नाही.

मोहफूल
भाऊ, बटनवाला मोबाईल लिहिलं आहे वर. गावाचं नाव नको, स्टेशनमास्तर चांगला माणूस आहे, उगाच त्याच्यावर यायचं.

जुना गार्ड
ताई, नाव नको तर लाईन सांगा. नागपुरात डीआरएम दोन आहेत, एक मध्य रेल्वेचे, दुसरे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे. वर्धा-बल्लारशा असेल तर पहिले, गोंदिया-नागभीड-चांदाफोर्ट असेल तर दुसरे. बडनेरा, अकोल्याकडच्या असाल तर भुसावळ. चुकीच्या ऑफिसात गेलेलं पत्र टेबलाटेबलावर फिरते, तुमचे ९ दिवस तिथंच सरतील. अन् मास्तरच तिकीट देतो का? वेगळा बुकिंग बाबू नाही? कागदावर नेमका शब्द काय आहे?

मोहफूल
लाईन व्यनि (खाजगी निरोप) केली. हो, मास्तरच देतो. फोन वाजला की खिडकीतून "थांबा" म्हणून हात दाखवतो, बाया डालकी खाली ठेवून उभ्या राहतात. कागदावर "स्टेशन तिकीट बुकिंग एजंट" असं काही आहे. मी म्हटलं, म्हणजे बंदच.

जुना गार्ड
हे पहिले सांगायचं ना! खिडकी जात नाही, खिडकीमागचा माणूस बदलतो. हा एजंट स्टेशनातच बसतो, कमिशन रेल्वे देते, तिकीट त्याच भावात. बाहेर दुकानात बसणारा जनसाधारण तिकीट सेवक वेगळा, तो भाड्यावर वरून पैसे घेतो. तेव्हा "बंद करू नका" एवढंच लिहाल तर "बंद करतच नाही" असं उत्तर येईल. सकाळच्या गाडीला खिडकी किती वाजता उघडणार, एजंट नाही आला तर तिकीट कोण देणार, हे विचारा.

पऱ्हाटी
मग तर चांगलंच. गावातल्या पोराले काम भेटते.

राजेहो
काहून चांगलं? कमीत कमी भाडं कोरोनात ३० झालं होतं, २०२४ मध्ये परत १० वर आलं. १० रुपयांच्या तिकिटावर कमिशन किती अन् पोट किती भरते? पोरगा चार महिन्यांत पुण्याला जाते, मग खिडकीले कुलूप. अन् तुमच्या गावात तिकीट काढते कोण, तेही सांगा. विक्री दिसली नाही तर कोणीही म्हणन, इथं माणूस कायले पाहिजे.

पऱ्हाटी
नॅरोगेजच्या शकुंतला गाडीत गार्डच तिकीट फाडत होता. यवतमाळ ते मूर्तिजापूर, काही अडलं का?

राजेहो
अन् आता कुठं आहे ती गाडी?

टेम्सकाठचा वऱ्हाडी
इंग्लंडमध्ये २०२३ च्या जुलैत बहुतेक तिकीट ऑफिसं बंद करायचा प्रस्ताव आला होता. हरकतींना आधी २१ दिवस होते, ओरड झाल्यावर १ सप्टेंबरपर्यंत वाढवले. साडेसात लाखांच्या आसपास उत्तरं गेली आणि ३१ ऑक्टोबरला सरकारने कंपन्यांना प्रस्ताव मागे घ्यायला सांगितलं. मशीनवर सगळी तिकिटं निघत नाहीत, अपंगांना मदत कोण करणार, असे ठोस मुद्दे तिथे चालले. तुम्हीही मुदतवाढ मागा.

राजेहो
ज्या गावाले एसटी येत नाही तिथं लंडन काढलं बाप्पा.

संत्राबर्फी
माहिती अधिकार टाका. १० रुपयांत काम.

जुना गार्ड
उत्तराला ३० दिवस. ताईंकडे ९ आहेत.

संत्राबर्फी
बरं. नागपूर-पुणे तत्काळ कसं काढायचं, कन्फर्म भेटतच नाही.

मोहफूल
लंडनवाल्या दादांचा मुद्दा घेतला, मुदतवाढ पहिल्याच ओळीत. उद्याचा तालुका रद्द. सकाळी खिडकीपाशी उभी राहून मोजते, तिकीट काढणाऱ्या किती, बटनवाल्या किती, फुकट चढणारे किती. (शेवटचा आकडा पत्रात नाही टाकत.) गार्डकाका, अंगठा चालतो का सहीच्या जागी?

जुना गार्ड
चालते. अंगठ्यापुढं नाव लिहा, बाजूला साक्षीदाराची सही. दोन प्रती करा अन् एकीवर पोच घ्या. कोणत्या डीआरएमकडे जायचं ते व्यनित लिहिलं आहे.

संत्राबर्फी
तत्काळचं सांगा न कोणी.