थंडीच्या देशातली परसबाग : मार्चमधल्या तयारीचे अनुभव

एडिसन, न्यू जर्सी
मार्चमध्ये दुपारचं ऊन पडायला लागलं की हात शिवशिवतात. पण इथे एप्रिल संपेपर्यंत, काही भागांत तर मेच्या मध्यापर्यंत रात्री फ्रॉस्ट, म्हणजे रोपं करपवणारं गोठलेलं दंव, पडतो. आपल्या भाज्या अशा हवेत पिकवायच्या तर आत्ता काय करायचं, ते प्रत्येकाने आपापल्या गावचं लिहा. सुरुवात मी करते.

माझी पहिली पेरणी मिरचीची, शेवटच्या फ्रॉस्टच्या आठ-दहा आठवडे आधी, घरातच. टोमॅटो आणि वांगी त्यानंतर. मिरचीच्या बियांना आधी ऊब लागते. माती २७ अंशांच्या आसपास असली तर कोंब लवकर येतो, गार मातीत बी नुसतं पडून राहतं. कोंब वर आला की उबेची मॅट काढून घ्यायची आणि दिवा रोपांपासून चार बोटांवर आणायचा. नुसत्या खिडकीच्या उजेडावर रोपं लांबट होऊन मान टाकतात. पाणी खालच्या ट्रेमध्येच द्या. वरची माती सतत ओली राहिली की बुरशी येते, देठ जमिनीलगत बारीक होतो आणि सकाळी सगळी रोपं आडवी दिसतात.

शिकागोजवळ
ताई, माझा सगळा जीव मातीत. मूठभर माती घेऊन लाडू वळायचा आणि बोटाने टोचायचा. फुटला तर खणायला घ्या, चिकटून राहिला तर अजून थांबा. आमची माती चिकण आहे. ओली असताना कुदळ मारली की ढेकळं वाळून दगड होतात, मग बी पेरायचं कुठे?

आणखी एक, अगदी कळकळीने सांगतो. घर जुनं असेल तर मातीतलं शिसं तपासून घ्या. अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग १९७८ साली बंद झाला. त्याआधीच्या घरांच्या भिंतीलगत त्या रंगाचे पोपडे मातीत मिसळलेले असू शकतात. आमच्या घराच्या भिंतीकडेला शिसं निघालं, म्हणून तिथे आता फक्त फुलझाडं आहेत. मेथी-पालक कुंपणाकडे, लाकडी चौकटीत नवी माती आणि कंपोस्ट भरून. लहान मुलं मातीत खेळतात, तेव्हा यात चालढकल नको.

मेरीलँड
दादा, उपयोगी माहिती. आम्ही इथे नवीन आहोत. अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशात, ज्यात थंडीप्रमाणे झोन पाडलेत, आमचं गाव झोन ७ मध्ये दिसतं. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला टोमॅटो बाहेर लावले तर चालतील का?

शिकागोजवळ
नको. झोन ठरतो तो हिवाळ्यातल्या सर्वात थंड रात्रींच्या सरासरीवरून. २०२३ साली आलेला नवा नकाशाही तसाच आहे. कढीपत्ता बाहेर जगेल का, एवढं त्यातून कळतं (जगणार नाही, कुंडीतच ठेवा). शेवटचा फ्रॉस्ट केव्हा, हे तो सांगत नाही. ती तारीख आपल्या गावची वेगळी बघावी लागते.

टोरंटो
इथे टोमॅटो लावायचा तो व्हिक्टोरिया डे झाल्यावर, म्हणजे २५ मेच्या आधीच्या सोमवारनंतर. पण तोवर वाफा मोकळा ठेवायचं कारण नाही. मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, मटार यांना गारवाच मानवतो. माती खणण्याजोगी झाली की पेरते. कोथिंबीर तर उन्हाळा लागला की लगेच फुलावर येते, म्हणून तिचा खरा हंगाम हाच. भेंडीची मात्र अजिबात घाई नको. जून उजाडल्यावर, बी रात्रभर भिजवून.

स्लाउ, इंग्लंड
आमच्याकडे थंडी बेताची, ओल फार. सध्या बटाटे अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून खिडकीशी ठेवलेत, कोंब आखूड आणि जाड आले की अलॉटमेंटवर (भाजी पिकवायला भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर) नेईन. गोगलगायी कोवळी रोपं रातोरात फस्त करतात, म्हणून दुधी आणि भोपळा आधी कुंडीत वाढवून दणकट करूनच बाहेर. बाहेर नेतानाही आठवडा-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ वाऱ्या-उन्हाची सवय करायची.

टोरंटोच्या ताई, तुमचे वाल लागतात का हो? माझा वेल मांडवभर होतो, शेंग नाही.

टोरंटो
गावाकडून आणलेलं बी असेल तर दिवस लहान झाल्याशिवाय बहुतेक फुलत नाही, आणि तोवर आमच्याकडे थंडी दारात. मी वालाऐवजी फरसबी लावते. अळू मात्र छान येतं. कंद मार्चमध्येच कुंडीत लावून घरात उबेला ठेवा, जूनमध्ये वड्यांजोगी पानं निघतात.