मदत हवी आहे: दोन गिटारी लागोपाठ वाजवल्या की कान बदलतो का? नक्की कुठल्या आवाजावर विश्वास ठेवू?

नमस्कार मंडळी, गेले दोन शनिवार याच विषयात अडकलेय, म्हणून इथे विचारते. जरा लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी डोंबिवलीला राहते, चार वर्षं गिटार शिकतेय, बहुतेक फिंगरपिकिंग, म्हणजे बोटांनी एकेक तार छेडून. रात्री जेवणं झाली की घरीच वाजवते. माझ्याकडे लॅमिनेट टॉपची (टॉप म्हणजे वरची पाटी, ती प्लायवूडसारखी थर चिकटवलेली) ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या बॉडीची गिटार आहे, पहिल्या पगारातून घेतलेली. आता २५-३० हजारांपर्यंत सॉलिड टॉपची, म्हणजे अखंड लाकडाच्या पाटीची घ्यायची असं ठरवून मुंबईत धोबी तलावला वाद्यांच्या दुकानात गेले.

पहिल्यांदा हातात आली ती सगळी महोगनीची, टॉपसुद्धा महोगनी, छोट्या बॉडीची. दहा मिनिटं वाजवली आणि तिथल्या तिथे मनात भरली, आवाज गोल, मऊ, खालच्या तारांना एक ऊब. मग दुकानातल्या दादांनी सिटका स्प्रूस लाकडाच्या टॉपची ड्रेडनॉट दिली. ती वाजवल्यावर सगळं लख्ख, एकेक सूर सुटा. आणि लगेच परत महोगनी घेतली तर तिच्यावर कोणी गोधडी टाकलीये असं वाटलं! तीच गिटार, त्याच तारा, तोच हात, मध्ये फक्त पाच मिनिटं गेलेली. मला खरंच धक्का बसला. मग बाहेर जाऊन चहा घेतला, अर्ध्या तासाने परत आले आणि आधी महोगनीच वाजवली, तर ती पुन्हा छान! आणि तिच्यानंतर स्प्रूस घेतली तर ती आता पत्र्यासारखी, टोचणारी वाटायला लागली.

काहीच न घेता घरी आले. रात्री माझी गिटार काढली तर ती पार मेलेली, जी गिटार मी चार वर्षं प्रेमाने वाजवतेय तीच नकोशी झाली. दोन दिवस तिच्याकडे बघितलंच नाही. मंगळवारी सहज घेतली तर परत आपली वाटली. म्हणजे गिटार कुठलीच बदलत नाहीये, माझा कानच हलतोय.

दुकानात दोन्ही फोनवर रेकॉर्डही केल्या होत्या, लोकलमध्ये इयरफोन लावून ऐकल्या तर कुठली कुठली तेच ओळखता येईना.

तर प्रश्न असा की शेजारी शेजारी वाजवून जे कळतं ते खरं, का एकटी गिटार घेऊन बसल्यावर वाटतं ते खरं? आणि दुकानात तुलना करायची तर कशी करावी? अजून एक, शिसवीची म्हणजे रोजवूडची पाठ असेल तर बेस खोल येतो असं सगळेच सांगतात, त्यासाठी चार-पाच हजार जास्त द्यावेत का? पैसे जपून खर्च करायचेत, पुढची दहा वर्षं हीच वाजवणारेय.

सहावी तार:
ताई, तुमचा कान अगदी ठीक आहे, सगळ्यांचं असंच होतं. जिलबी खाऊन चहा प्या, चहा फिका लागतो, चहात साखर तेवढीच असते. कान आधी ऐकलेल्या आवाजाला सरावतो आणि पुढचा आवाज त्याच्या मापाने मोजतो. ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, भरपूर असलेली गिटार पाच मिनिटं ऐकली की तेच नॉर्मल वाटायला लागतं, मग त्यात जे कमी ते 'दबलेलं'.

पण मला वाटतं तुमच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. ड्रेडनॉट मोठी, ती छोट्या बॉडीपेक्षा जोरात वाजणारच. आणि थोडासाच जास्त असलेला आवाज आपल्याला 'मोठा' म्हणून कळत नाही, 'चांगला', 'भरलेला', 'स्पष्ट' म्हणून कळतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असला की कानाला खालचे सूर, आणि काही प्रमाणात अगदी वरचेही, मधल्या सुरांपेक्षा कमी ऐकू येतात. गिटारची खालची ई ८२ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे हळू वाजणाऱ्या गिटारचा बेस आपसूकच कमी वाटणार, लाकडाचा काही दोष नसताना. म्हणून मोठी वाजणारी जरा हलक्या हाताने वाजवा आणि मग तुलना करा, निम्मा फरक तिथेच जाईल.

आणि तारा! दुकानातल्या एका गिटारवर गेल्या आठवड्यातल्या तारा असतात, दुसरीवर कधीच्या, शंभर जणांचा घाम लागलेल्या. नव्या फॉस्फर ब्राँझ धातूच्या आणि जुन्या काळवंडलेल्या तारा यांच्यातला फरक मला तरी महोगनी आणि स्प्रूसमधल्या फरकापेक्षा मोठा वाटतो. तुमच्या घरच्या गिटारच्या तारा कधी बदलल्यात?

फोनचं म्हणाल तर बरेच फोन रेकॉर्ड करताना हळू आवाज स्वतःच वर उचलतात आणि मोठा दाबतात, म्हणून दोन्ही सारख्या झाल्या असतील.

ओसरीवरचा:
मी मूळचा मिरजेचा, गिटार वाजवत नाही, पण आमच्या घरात तानपुरे आहेत म्हणून लिहितो. लहानपणी काकांबरोबर तानपुरा घ्यायला गेलो होतो तेव्हा काका एक तानपुरा ऐकायचे, मग उठून बाहेर रस्त्यावर फिरून यायचे, मग दुसरा. मी विचारलं तर म्हणाले, एका तानपुऱ्याच्या जवारीच्या (तारांच्या गुंजण्याच्या) नादात दुसरी ऐकली तर दुसरी कायम बंदच वाटते. तुम्ही चहाला गेलात तेव्हा नकळत हेच केलंत.

दुसरं म्हणजे ते कधी स्वतः छेडून निवडत नसत, दुसऱ्याला छेडायला सांगून समोर बसत. गिटारचाही आवाज बराचसा समोर जातो ना, वाजवणाऱ्याला वरून, कडेने ऐकू येतो. तुम्ही भिंतीकडे तोंड करून वाजवून बघा, परत आलेला आवाज कळेल.

खिडकीतला कॅपो:
रोजवूडच्या प्रश्नाला उत्तर देतो कारण मी स्वतः त्यासाठी जास्त पैसे मोजलेत. इंग्लंडमध्ये लँकेस्टर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गिटार बनवणाऱ्या रॉजर बकनॉल यांनी सहा गिटारी बनवल्या, जमेल तेवढ्या सारख्या, फक्त पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडाच्या: ब्राझिलियन रोजवूड, भारतीय रोजवूड, महोगनी, मेपल, सापेली, अक्रोड. ५२ गिटारवादकांनी मंद उजेडात, वेल्डिंगचे काळे गॉगल घालून त्या वाजवल्या. गुण जवळजवळ सारखे पडले, आणि लाकडावरून गिटार ओळखणंही त्यांना फारसं जमलं नाही. यात टॉप सगळ्यांचा एकाच प्रकारचा होता हे लक्षात ठेवा, त्यामुळे तुमच्या महोगनी टॉप आणि स्प्रूस टॉपला हे तसंच्या तसं लागू नाही, टॉपचं काम वेगळं, खरा आवाज तोच हलवतो.

माझी रोजवूडची गिटार मला आवडते, दिसायला सुंदर आहे, पण जास्त पैसे आवाजासाठी मागत असतील तर देऊ नका. ते सेटअपला (गिटार नीट जुळवून घ्यायला) आणि चांगल्या केसला ठेवा, सॉलिड टॉप आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगतो, अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, वर येते. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली म्हणतात, जुलैमध्ये डोंबिवलीत ती कुठून आणणार, निदान केसमध्ये बंद ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती, आठ दिवसांनी:
सगळ्यांचे मनापासून आभार, तुमचं सगळं करून बघितलं, म्हणून परत लिहिते.

तारांबद्दल विचारलंत आणि मी हिशोब केला तर अकरा महिने झाले होते. नव्या बारा गेजच्या (गेज म्हणजे जाडी) घातल्या. क्लासमधल्या मैत्रिणीची सॉलिड स्प्रूस टॉपची ड्रेडनॉट दोन दिवस मागून आणली, तिच्यावरही त्याच कंपनीच्या त्याच तारा चढवल्या. मग डोळ्यांवर ओढणी बांधून बसले आणि बहीण हातात देत गेली. पण हे फसलं, मैत्रिणीच्या गिटारची मान बारीक आहे, हात लावताच कळायचं कुठली ते. मग सरांना विनंती केली, ते घरी आले, मी पाठ करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले, त्यांनी एकच तुकडा दहा वेळा वाजवला, कधी हळू कधी जोरात, पण दोन्ही गिटारींवर जमेल तितक्या सारख्या जोराने, कधी ही कधी ती. दहापैकी सहा ओळखल्या. सहाच! नाणं उडवलं असतं तरी तेवढ्याच आल्या असत्या.

पण एक गोष्ट मात्र जाणवली. सर हळू वाजवत होते तेव्हा मी चुकत होते, त्यांनी जोरात स्ट्रम केलं, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडल्या, त्या तिन्ही वेळा बरोबर ओळखली, माझी गिटार जोर लावल्यावर आवळल्यासारखी होते, मैत्रिणीची फुलत जाते. मी स्वतः रात्री हळूच वाजवते, बाजूच्या खोलीत बाबा झोपलेले असतात.

आता माझा प्रश्न बदललाय. जर हळू फिंगरपिकिंगच करायचंय तर बॉडी छोटी घेऊ का ड्रेडनॉटच? दुकानात महोगनी आवडली ती लाकडामुळे का ती छोटी असल्यामुळे, मांडीवर नीट बसल्यामुळे, हे मला अजून सुटं करता येत नाहीये.

खिडकीतला कॅपो:
दोन्ही वेगळं करायचं तर एकाच लाकडाच्या दोन आकारांत वाजवा. यामाहाची एफजी ८०० आणि एफएस ८०० बघा, दोन्हींना सॉलिड सिटका स्प्रूस टॉप, एफएसची बॉडी लहान. दोन्ही तुमच्या बजेटच्या आत आहेत. एफएस आवडली तर आकार आवडलाय असं समजा.

सहावी तार:
आणि ताई, जाताना तुमची गिटार बरोबर न्या. सगळ्यात आधी ती पाच मिनिटं वाजवा, मग दुसरी, मग परत तुमची, म्हणजे दर वेळी माप एकच राहील. तुमची सोडून दोनपेक्षा जास्त गिटारी एका दिवशी ऐकू नका.

मूळ प्रश्नकर्ती:
शनिवारी पहिल्या फास्टने जाते, गर्दीच्या आधी, दुकान शांत असतं तेव्हा. केस घेऊन लोकलमध्ये चढायचंय, त्यामुळे बहीणही येतेय. मी पाठ करून बसल्यावर गिटारी बदलायचं काम तिचं, आणि ती वाजवायचं काम दुकानातल्या दादांना सांगणारेय.