विषय: स्लाइड तिरकी बसते आहे (नेरूळहून विचारतोय)

प्रेषक: नेरूळकर

मंडळी, नमस्कार.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी डिसेंबरपासून नेरूळला आहे, फेब्रुवारीअखेर परत येतोय. आमचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) ओहायोतच, स्टोरेजच्या पटांगणात. बर्फ किती साचलाय बघायला परवा एक मित्र तिकडे डोकावला आणि फोटो पाठवला. सोफ्याची स्लाइड, म्हणजे बटण दाबून भिंतीतून बाहेर सरकवायची छोटी खोली, बंद आहे, पण पूर्ण आत गेलेली नाही. पुढच्या बाजूला कडेचं रबरी सील छान दाबून बसलंय, मागच्या बाजूला सरळ बोट जातं. ऑक्टोबरमध्ये मी आत घेतली तेव्हा जरा कुरकुरत आली होती, हे आता आठवतंय. तेव्हा पाऊस लागला होता आणि घरी जायची घाई होती.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. एप्रिलच्या आधी तारीख नाही, आणि न बघताच "सगळी यंत्रणा बदलावी लागेल" म्हणाला. मित्र हौशी आहे. कडेच्या पट्टीवर स्क्रू दिसतायत, ढिले करून ढकलून बघू का, असं विचारतोय. इथे बसून मी त्याला काय सांगू? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

---

प्रेषक: ठाणेकर काका

मित्राला आधी फोन करा आणि सांगा, पाना खिशात ठेव. बाकीचं सावकाश वाचा.

ट्रेलर विकून मी पाचपाखाडीत येऊन राहिलो त्याला पाच वर्षं झाली, पण मंडळाच्या या मेल-लिस्टवरून नाव काढायला मन होत नाही. तेव्हा विषय निघालाच आहे तर थोडं लांबण लागेल, सोसा. मी अमेरिकेत उतरलो १९९० मध्ये, आणि न्यूमार कंपनीने मोटरहोमला (इंजिन असलेल्या फिरत्या घराला) पहिली स्लाइड बसवली तीही १९९० मध्येच. म्हणजे आम्ही दोघं एका वर्षाचे. सांधे दोघांचेही कुरकुरतात.

स्लाइड म्हणजे लाकडी कपाटाचा ड्रॉवर समजा, फक्त त्यात सोफा आणि माणसं बसलेली. जुना ड्रॉवर एका हाताने ढकलला की तिरका होऊन अडकतो की नाही? तसंच हे. दोन्ही टोकं सारखी सरकली पाहिजेत, एवढीच अट. ती कोण पाळतं यावर पुढचा सगळा इलाज ठरतो. ट्रेलरखाली वाकून बघितल्यावर दोन जाड चौकोनी आर्म दिसले, त्यांना दाते आणि मधून एक आडवा दांडा, तर एकच मोटर दोन्ही बाजू फिरवते. चारी कोपऱ्यांत तारा दिसल्या तर केबलवाली. आणि खाली काहीच नाही, पण स्लाइडच्या दोन्ही कडांच्या भिंतींवर वर एक आणि खाली एक अशा ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या असतील, तर भिंतीतली. हिला दोन मोटरी, प्रत्येक बाजूला एक. तुमच्या मित्राला स्क्रू कडेला दिसतायत म्हणजे मला ही तिसरी वाटते. ते स्क्रू अलाइनमेंटचे नाहीतच, पट्टी भिंतीला धरून ठेवणारे आहेत. ते ढिले केले तर आज तिरकी आहे, उद्या लोंबकळेल.

आता फक्त मापं घ्यायला सांगा. बाहेरून, टेपने, स्लाइडच्या बाहेरच्या कडेची पट्टी (दातेरी नव्हे) आणि ट्रेलरची भिंत यांच्यातलं अंतर. पुढे वर, पुढे खाली, मागे वर, मागे खाली. चार आकडे. मागच्या बाजूला वर आणि खाली अंतर सारखंच असेल तर खोली सरळ उभी आहे, नुसती एक बाजू मागे राहिली आहे. वर उघडी आणि खाली बंद असेल तर खोली झुकली आहे, तो आजार वेगळा आणि महाग.

आणि आजच्या आज मागच्या फटीवर ताडपत्री. आपल्याकडे जूनमध्ये गॅलरीला बांधतो तशीच, वरून खाली उताराने. स्लाइडच्या छपरावरचा बर्फ वितळला की पाणी त्या फटीतून थेट जमिनीच्या कडेला जातं. ती जमीन म्हणजे दाबलेल्या लाकडी तुकड्यांची फळी. कडेने पाणी प्यायली की चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगते. मोटर बदलता येते, कुजलेली जमीन बदलायला मात्र अख्खी खोली बाहेर काढावी लागते.

---

प्रेषक: ऐरोलीची ताई

काका, नमस्कार! आम्हीही सध्या ऐरोलीत, सासूबाईंकडे. हिवाळ्यात आपल्या मंडळाची अर्धी कार्यकारिणी ट्रान्स-हार्बर लाइनवरच सापडते बहुतेक.

आमची आर्मवाली आहे, म्हणून त्या बाजूचं लिहिते. आमचीही एक बाजू मागे राहायची. मधल्या दांड्याच्या जोडाचा बोल्ट झिजला होता, म्हणून एका बाजूचा आर्म अर्धा दाता उशिरा निघायचा. नवरा मात्र आठवडाभर टोकाचे उंचीचे बोल्ट पिळत बसला. त्यांचा याच्याशी काही संबंधच नव्हता! त्याने खोली खालीवर होते, पुढेमागे नाही. शेवटी जोडाचा बोल्ट बदलला, काम वीस मिनिटांचं, आणि मग ते पिळलेले उंचीचे बोल्ट मूळ जागी आणायला दोन दिवस. आता नियम केलाय की कुठलाही बोल्ट फिरवण्याआधी पेनने त्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर एक सरळ रेघ मारायची. एका वेळी अर्धा आटा, मग स्लाइड आत-बाहेर, मग माप.

अजून एक, बायकाच सांगतील असं. तुमच्या सोफ्याखालच्या खणात काय भरलंय? आमच्याकडे मंडळाच्या गणपतीची भांडी, दोन मोठे कुकर आणि तांदळाची पोती एकाच टोकाला होती.

---

प्रेषक: व्यवस्थापक

उत्तर देताना खालचा जुना मजकूर कापावा ही विनंती. आणि भांडी नेमकी कुठे आहेत हे आता कळलं, धन्यवाद. आम्ही दोन वर्षं शोधतोय.

---

प्रेषक: नेरूळकर

काका, ताई, आभार. मित्राने मापं पाठवली. पुढे वर शून्य, पुढे खाली शून्य. मागे वर सव्वा इंच, मागे खाली सव्वा इंच, सुतभर कमी. भिंतीतलीच आहे, पट्ट्यांचे फोटो पाठवलेत. ताडपत्री बांधली. आणि हो ताई, मागच्या टोकाच्या खणात टाइल्सचे तीन खोके आहेत. बाथरूमच्या उरलेल्या. का ठेवल्या, विचारू नका.

---

प्रेषक: ठाणेकर काका

वा. वर-खाली सारखं म्हणजे खोली झुकलेली नाही, हिशेब तिरका आहे. तो सुटतो.

या यंत्रणेत एक छोटा कंट्रोलर दोन्ही मोटरी किती फिरल्या ते मोजत असतो आणि एक पुढे गेली तर तिला आवरतो. पण त्याला शून्य कुठे आहे हे कळतं ते फक्त टोकाला पोचून दोन्ही मोटरी स्वतः थांबल्या की. आपण काय करतो? खोली बाहेर आलेली दिसली की बटणावरचं बोट उचलतो. मी तेरा वर्षांतली पहिली चार हेच केलं. मोटरचा आवाज चढला की मला वाटायचं, बिचारीला त्रास होतोय, आणि मी दया दाखवायचो. त्या दयेपोटी दर वेळी केसभर फरक राहायचा. चौथ्या वर्षी केसाचा अंगठा झाला.

आता कृती. पण आधी बॅटरी. ऑक्टोबरात कुरकुरत आली होती म्हणालात, तिथेच मला शंका आली. दोन मोटरी एकदम ओढतात तेव्हा मरगळलेली बॅटरी दोघींना पुरत नाही आणि जिच्या वायरीचा सांधा गंजलेला ती मागे राहते. शिशाची बॅटरी न वापरता मोजली तर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. अर्धीवर स्लाइडला हात लावू नका. मित्राला घरून पूर्ण चार्ज करून न्यायला सांगा, आणि बॅटरीची टोकं, अर्थिंगचा स्क्रू घासूनपुसून घट्ट करायला. निम्मे 'अलाइनमेंट' इथेच बरे होतात.

मग पाणसळ. चाकांना दोन्हीकडून अडण लावून ट्रेलर लेव्हलला आणा. चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, पीळ असेल तर भिंतीतलं भोकच वाकडं होतं, त्यात सरळ खोली कशी जाणार? छपरावरचा बर्फ मऊ झाडूने काढा, टाइल्स उतरवा.

आता बटण दाबून पूर्ण बाहेर. खोली थांबल्यासारखी दिसली तरी बोट तिथेच. दोन्ही मोटरी आपणहून गप्प होईपर्यंत, आणि वर चार-पाच सेकंद. मग एक-दोन इंच आत, पुन्हा बाहेर, पुन्हा बोट धरून. दोन्ही बाजू एकदम थांबेपर्यंत हे करत राहायचं. तीन-चारदा लागेल. मग एकदम पूर्ण आत, मध्ये न थांबता, आणि तिथेही मोटरी थांबेपर्यंत. जाताना एका माणसाने कान लावून ऐकावं. एका बाजूने खटखट आली तर दाता सुटतोय, तिथेच थांबा आणि मला लिहा.

दातेरी पट्टीला ग्रीस नको. हे का, ते मला अमेरिकेत नाही, इथे ठाण्यात कळलं. आमच्या सोसायटीचं सरकतं गेट म्हणजे हुबेहूब हीच यंत्रणा. खाली चाकं, गेटच्या अंगाला दातेरी पट्टी, बाजूला मोटर आणि तिचं छोटं चक्र. गेल्या पावसाळ्यात ते अडायला लागलं. वॉचमनने मायेने मूठभर ग्रीस थापलं. दोन महिन्यांत बाहेर चाललेल्या रस्त्याच्या कामाची सगळी धूळ त्यात बसून काळा लगदा झाला, आणि दात्यांच्या मुळाशी तो सिमेंटसारखा घट्ट. वागळे इस्टेटमधून फॅब्रिकेटर आला. त्याने हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. आधी केरोसीनचं फडकं, मग खिशातून टेप. गेटच्या दोन्ही टोकांना पट्टीची जमिनीपासून उंची मोजली. एका टोकाला चार मिलिमीटर कमी, कारण तिकडचं चाक झिजलं होतं. म्हणजे गेटचं वजन चाकाऐवजी मोटरच्या चक्रावर येत होतं. चाक बदललं, पट्टी आणि चक्राच्या दात्यांत नखाएवढी फट ठेवली, आणि चहा पिऊन गेला. कमिटीने नव्या मोटरचं कोटेशन मागवून ठेवलं होतं, ते फुकट.

तर स्लाइडच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने, जुन्या टूथब्रशने साफ. आवाज करत असेल तरच सुकं राहणारं वंगण, तेही पातळ. रबरी सीलला मात्र दर तीन महिन्यांनी रबरचं कंडिशनर. पेट्रोलियम जेली अजिबात नाही. ती लावून मी सगळं सील फुगवून चिकट केलं होतं, पुढच्या वेळी स्लाइड बाहेर आली ती सील सोलतच.

शेवटी नोटेची परीक्षा. बंद झाल्यावर सीलखाली एक नोट सरकवायची आणि ओढायची, चारी बाजूंनी, हातभर अंतरावर. सगळीकडे सारखी अडत अडत यायला हवी. अलगद सुटली तिथे पाणी शिरणार.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर नेरूळहून ठाण्याची थेट लोकल आहे, रविवारी या. गेट दाखवतो, मग मिसळ.

---

प्रेषक: नेरूळकर

काका, कळवायला उशीर झाला, आईची फिजिओथेरपी चालू आहे.

शनिवारी तिकडे जरा ऊन होतं. मित्राने बॅटरी मोजली, ११.९! ऑक्टोबरात मी ती ट्रेलरवरच ठेवून आलो होतो. चार्ज करून लावली. मागच्या मोटरच्या जोडावर हिरवी पावडर होती, ती साफ केली. मग इथून व्हिडिओ कॉलवर मी, तिकडे तो बटण धरून, आणि माझी आई शेजारी पाय वर करून बसून, "अरे बोट काढू नको म्हणाव त्याला." पहिल्या खेपेला पुढची बाजू मागचीनंतर चांगले सहा-सात सेकंद चालत राहिली. दुसऱ्यांदा दोन. चौथ्यांदा दोघी एकदम थांबल्या. आत घेतली, मागे फट नाही. नोट चारी बाजूंनी अडते, फक्त मागे खालच्या कोपऱ्यात अलगद येते. तिथलं सील आतल्या बाजूला दुमडलेलं दिसतंय.

जमिनीच्या कडेला मित्राने अंगठा दाबून पाहिला, कडक आहे.

---

प्रेषक: ठाणेकर काका

दुमडलेलं सील खोली थोडी बाहेर काढून हाताने सरळ करा, प्लास्टिकची पट्टी चालेल, स्क्रूड्रायव्हर नको. थंडीत रबर ताठर असतं, हेअर ड्रायरने जरा गरम करून घ्या. ताडपत्री तोवर राहू द्या.

आईंना नमस्कार सांगा. त्यांना कळलं ते मला चार वर्षांनी कळलं. रविवारी स्टेशनच्या पश्चिमेला उतरा, साडेनऊच्या आत. नंतर मिसळीला रांग लागते.