'पाठवा'तला 'वा' इंग्रजीत कुठं घालायचा?

वाळूजच्या एमआयडीसीत परचेसला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. जर्मनीच्या सप्लायरला मेल टाकला : 'सेंड द ड्रॉइंग टुडे.' माझ्या डोक्यात 'ड्रॉइंग आज पाठवा' होतं, अगदी आदरानं. साहेब म्हणाले, "तुझ्या 'पाठवा'तला 'वा' कुठं गेला? तिकडं नुसतं 'पाठव' पोचलंय." त्यांनी 'कुड यू प्लीज सेंड' करून दिलं. तेव्हापासून प्रत्येक हुकमाला प्रश्नचिन्ह लावतो. तुमचेही अनुभव टाका. व्याकरण चुकलं तरी चालेल, फजिती खरी पाहिजे.

– नांदेडला ऑटो चालवतो. हुजूर साहिबला कॅनडा, इंग्लंडहून लोकं येतात. मोठ्यांशी हिंदी-पंजाबीत निभतं, पोरांचं अवघड. एका आजींसोबत नात होती. बॅग जड दिसली म्हणून हात पुढं केला, म्हणलं, "आय टेक युवर बॅग." पोरीनं बॅग छातीशीच धरली! घरी लेकाला सांगितलं तर हसायलाच लागला. म्हणे, "पप्पा, 'शॅल आय' म्हणायचं. आपलं 'घेऊ का?' तेच ते." आता बॅग हातात मिळती.

– बीड जिल्ह्यात झेडपी शाळेवर आहे. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, पण पोरांचं खरं इंग्रजी एकच : 'मेआयकमिन्सर'. एका दमात, एकच शब्द. एकदा मुद्दाम 'नो' म्हणलं. पोरगं 'थँक्यू सर' म्हणून आत येऊन बसलं.

– लातूर. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, 'वुड यू माइंड क्लोजिंग द डोअर?' मी 'येस मॅडम' म्हणत उठले. दार लावलं म्हणून निभावलं. 'माइंड' म्हणजे हरकत, म्हणजे मी 'हो, हरकत आहे' म्हणून दार लावलं होतं. 'नॉट ॲट ऑल' म्हणायचं आणि उठायचं. नाही म्हणत काम करायचं, हे अजून जिभेवर बसत नाही.

– आमचे आजोबा परभणीचे, निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले. ते म्हणायचे, "ज्यांच्यात 'तू'लाही 'यू' आन् 'तुम्ही'लाही 'यू', ते अदब आणणार कुठून? वाक्य लांबवूनच." पुण्यात कॉल सेंटरला लागल्यावर पटलं. साधं 'थांबा' म्हणायला 'वुड यू माइंड होल्डिंग फॉर अ मिनिट'. रजा मागायची तर 'आय वॉज वंडरिंग इफ आय कुड'. यातलं 'वॉज' मला कळेचना, मागायचंय आत्ता आणि काळ भूत! मग एकदा गावाकडं तलाठ्यापुढं उभा होतो. तोंडातून निघालं, "भाऊसाहेब, जरा काम होतं." काम तर अजून व्हायचंच होतं. 'होतं' म्हणजेच ते 'वॉज'.

– वेरूळ पाहायला आलेली भावाची ऑफिसातली मैत्रीण आमच्याकडं जेवायला होती, आयर्लंडची. भावानं शिकवून ठेवलेलं : 'डू यू वॉन्ट' नाही, 'वुड यू लाइक सम मोअर' म्हणायचं. म्हणले. ती 'नो, थँक यू'. आईला विचारलं तर म्हणे, "मानपानाचं नाही म्हणायली असंल, वाढ." दुसरी भाकरी गेली. तिसरीलाही 'नो, थँक यू', तीपण गेली, वर शेंगदाण्याची चटणी. चौथीला तिनं ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

आई म्हणाली, "हां, आता खरं नाही म्हणायली."