जंगली नदीवर राफ्टिंगसाठी सोडत: योग्य की अन्याय?

उगमाकडे
अमेरिकेत आयडाहोमधल्या मिडल फोर्क सॅमन नदीवर उन्हाळी मोसमात दिवसाला सातच चमू पाण्यात उतरू शकतात. जवळच्या सेल्वे नदीवर तर एकच. कंपनीशिवाय स्वतः जाणाऱ्या खाजगी चमूंचे नंबर सोडतीने लागतात, आणि बहुतेकांचे लागत नाहीत. ओळखीतले राफ्टिंगवाले यावर वैतागलेले असतात. मला मात्र हे बंधन मनापासून पटतं.

१९६८च्या 'वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स' कायद्याने ज्या पहिल्या आठ नद्यांना संरक्षण दिलं, त्यांत मिडल फोर्क होती. धरण बांधलं नाही म्हणजे नदी राखली, असं होत नाही. अशा दऱ्यांमध्ये उभे कडे थेट पाण्यात उतरतात. तंबू ठोकण्याजोगी सपाट जागा अधूनमधूनच सापडते आणि मोसमभर रोज कोणी ना कोणी तिथेच मुक्काम करतं. म्हणून चूल पेटवायची ती लोखंडी परातीत, आणि राखसुद्धा सोबत न्यायची. शौच घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून शेवटच्या दिवसापर्यंत राफ्टवर वाहायचं. हे सगळं सात चमूंना जमतं. संख्या दहापट झाली की त्या जागांचं काय होईल, ते सांगायला तज्ज्ञ नको.

वल्हेकरी
साफ असहमत. जी नदी कोणी पाहिलीच नाही, तिच्यासाठी भांडणार कोण? अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरची ग्लेन कॅन्यन ही दरी फार थोड्यांनी पाहिली होती. १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि ती बुडायला लागली. आता ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची फ्रँकलिन नदी घ्या. १९७६ मध्ये बॉब ब्राउन एका सोबत्यासह छोट्या रबरी राफ्टमधून ती उतरले आणि पुढे धरणविरोधी आंदोलनाचे नेते झाले. १ जुलै १९८३ला तिथल्या हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात तेच सर्वोच्च) निकाल दिला आणि धरण थांबलं. नदीच्या अंगावर वल्हं मारलेला माणूसच तिच्यासाठी तुरुंगात जायला तयार होतो. तुम्ही त्यालाच दारात अडवताय.

शेवाळ
@वल्हेकरी, चिलीची बिओबिओ विसरलात का? जगभरचे राफ्टिंगवाले तिच्यावर जीव टाकत होते, धरणाविरुद्ध मोहीमही झाली. तरी १९९६ मध्ये पांगे धरण पूर्ण झालं आणि नावाजलेले रॅपिड (खडकांवरून उसळत जाणारे प्रवाहाचे टप्पे) धरणाच्या पाण्याखाली गेले. २००४ मध्ये वरच्या अंगाला राल्को झालं आणि तिथल्या आदिवासी पेवेन्चे कुटुंबांना हलावं लागलं. लढाईचा खरा भार त्यांनी उचलला, कारण त्यांना दुसरीकडे जायला नदी नव्हती. राफ्टिंगवाले दुसरी नदी शोधतात. त्यामुळे 'आम्ही आलो म्हणून नदी वाचते' हा दावा जरा जपून करावा.

खडकवाट
दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटतेय. चिठ्ठी नशीब बघते, हातातलं कसब बघत नाही.

मोठ्या रॅपिडआधी राफ्ट काठाला लावून खडकावरून पाणी वाचावं लागतं. गुळगुळीत पाण्याचं टोक प्रवाहाच्या दिशेने निमुळतं होत गेलं तर बहुधा तीच वाट. टोक उलट, वरच्या बाजूला असेल तर तिथे खडक दडलेला असतो. पाणी फूटभर चढलं-उतरलं की हीच वाट बदलते. राफ्टमधून पडलेला नवखा माणूस आधी उभा राहायला बघतो. पाय दोन दगडांत अडकला की गुडघ्याच्या वर असलेलं पाणीही त्याला आडवं करून बुडवतं. पाय प्रवाहाच्या दिशेला, वर उचललेले, पाठीवर तरंगत राहायचं, हे आधी अंगवळणी पडलेलं असावं लागतं. मर्यादा ठेवाच, पण परवाना देताना अनुभव तपासा.

उगमाकडे
@खडकवाट, सुरक्षेचं सगळं मान्य. पण अनुभव कोण तपासणार? कागदावर तर सगळेच पट्टीचे. परवान्यावर अनुभवी म्होरक्या हवा, इतपत अट चालेल. परीक्षा सुरू झाली की त्याच त्या वर्तुळातले लोक दरवर्षी जातील.

@वल्हेकरी, फ्रँकलिनसाठी तुरुंगात गेलेल्यांपैकी किती जण ती उतरले होते? अनेकांनी ती छायाचित्रांतच पाहिली होती. थोड्यांनी जावं आणि बाकीच्यांना दाखवावं, एवढ्यानेही नदीला माणसं मिळतात.

वल्हेकरी
छायाचित्रांचा मुद्दा पटला. पण हे 'थोडे' कोण, ते ठरतं कसं? कोलोरॅडोवरच्याच ग्रँड कॅन्यनमध्ये खाजगी परवान्याची प्रतीक्षायादी दहा वर्षांहून लांबली होती, म्हणून २००६ मध्ये सोडत आणली. त्याच नदीवर व्यावसायिक कंपनीला पैसे मोजले की जागा थेट राखता येते. म्हणजे स्वतः वल्हं मारणाऱ्याने नशिबाकडे बघायचं आणि खिसा जड असलेल्याने तारीख निवडायची. याला संरक्षण म्हणायचं?

शेवाळ
कंपनीच्या राफ्टमधून साठीचे लोक जातात, अपंग लोक जातात, ज्यांना स्वतःची राफ्ट परवडत नाही तेही जातात. ती दारं बंद करू नका.

उगमाकडे
बंद करू नयेत, पण वल्हेकरींची तक्रार खरी आहे. एकूण आकडा तोच ठेवून कंपन्यांच्या वाट्यातल्या काही जागाही चिठ्ठीत टाकाव्यात, गाईडसकट. पैसे भरावे लागतील, पण तारीख विकत घेता येणार नाही. दिवसाचे सात मात्र सातच राहावेत. त्यावर मी एक पाऊलही मागे येणार नाही.