प्रत्येक रसायन 'मर्यादेत', पण गर्भातल्या मुलग्यापर्यंत पोहोचते ती बेरीज

ऐरोलीकर : रबाळ्याच्या एका प्रयोगशाळेत मी प्लास्टिकचे नमुने तपासतो. आमच्या अहवालात प्रत्येक रसायनाला स्वतंत्र ओळ असते आणि शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा 'मर्यादेत' असा शेरा पडतो; सगळ्यांची बेरीज मांडणारी ओळ मात्र त्यात नसते. माझ्या मते गरोदरपणाच्या बाबतीत तीच ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश प्रयोगात गाभण उंदरांना डीईएचपी हे थॅलेट (थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ करण्यासारख्या कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनांचे एक कूळ), विन्क्लोझोलिन व प्रोक्लोराझ ही बुरशीनाशके आणि फिनास्टेराइड हे औषध एकत्र दिले गेले. एकेकटे दिल्यावर बाह्य जननेंद्रियात दोष न घडवणाऱ्या मात्रा एकत्र येताच नर पिलांमध्ये हायपोस्पॅडियास, म्हणजे मूत्रमार्गाचे तोंड टोकाऐवजी खालच्या बाजूला उघडण्याचा दोष, आढळला. या थॅलेटमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी तयार होते, बुरशीनाशके त्याला पेशीतल्या ग्राहकाशी, म्हणजे त्याचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाशी, जोडले जाऊ देत नाहीत आणि फिनास्टेराइड त्याचे अधिक प्रभावी रूपात होणारे रूपांतर अडवते. सोसायटीची टाकी थोडी कमी भरली, व्हॉल्व्ह थोडा कमी फिरवला आणि पाइपात थोडा गाळ बसला, तर यांपैकी कोणताच बिघाड मोठा नसूनही सातव्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसाच हा प्रकार आहे.

माणसात मुलग्याच्या जननेंद्रियाची ही जडणघडण गरोदरपणाच्या साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात ठरते असे मानतात. आपल्याकडे तीन महिने पुरे होईपर्यंत बातमी फोडत नाहीत आणि सल्ल्यांचा पाऊस पडतो तो सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाला.

नौपाड्यातील डॉक्टर : आपला प्रयोग खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. फिनास्टेराइड हे पुरुषांच्या प्रोस्टेटसाठी आणि केसगळतीसाठी दिले जाणारे औषध आहे. माझ्याकडे नाव घालायला येणारी कोणतीही स्त्री ते घेत नसते. प्रयोगातील थॅलेटची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली असते, तर सामान्य माणसाच्या शरीरात रोज जाणारी मात्रा किलोमागे काही मायक्रोग्रॅम असते. अशा लेखनाचा परिणाम मी रोज पाहते: गेल्या महिन्यात 102 ताप अंगावर काढून एक गरोदर मुलगी आली, कारण पॅरासिटामॉलने मुलग्याला अपाय होतो असे तिने कुठेतरी वाचले होते. सुरुवातीच्या महिन्यांत तीव्र तापच गर्भाला घातक ठरू शकतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

घणसोलीची सूनबाई : मग गरम सांबार पातळ पिशवीत बांधून देतात ते, आणि देवघरातली उदबत्ती, हे दोन्ही बंद करायचे का?

ऐरोलीकर : ताई, ती पिशवी सहसा पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला मऊ करण्यासाठी थॅलेट लागत नाही, थॅलेट लागते ते पीव्हीसीला, म्हणजे रेक्झिन, रेनकोट, वायरचे आवरण यांना. गरम पदार्थ त्या पिशवीत घ्यावा असे मी तरीही म्हणणार नाही. उदबत्तीच्या सुगंधात बहुधा डायएथिल थॅलेट असते आणि उंदरांच्या प्रयोगांत त्याने नर पिलांच्या वाढीत असा बिघाड केलेला नाही. धुराचा त्रास वेगळा. म्हणूनच सरसकट 'प्लास्टिक वाईट' म्हणण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांचा मात्रेचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याने बेरजेचा प्रश्न सुटत नाही. जुलै 2020 पासून युरोपीय संघाने बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंमध्ये चार थॅलेटांना मिळून वजनाच्या 0.1 टक्क्याची मर्यादा घातली आहे. तिथे कोणत्याही गरोदर बाईला घाबरवले गेले नाही. जबाबदारी कारखानदारावर आली.

नौपाड्यातील डॉक्टर : एका कुळातल्या रसायनांची बेरीज कारखान्याच्या दारात व्हावी, याला माझा विरोध नाही. परंतु बेरीज तिथे थांबत नाही. 2022 मध्ये कॉर्टेनकँप या संशोधकांच्या गटाने वीर्याच्या गुणवत्तेसाठी एकत्रित हिशेब मांडला, त्यात थॅलेट, बिस्फेनॉल (प्लास्टिकमध्ये वापरली जाणारी रसायने) आणि डायॉक्सिनांबरोबर (ज्वलनातून व कारखान्यांतून येणारी प्रदूषके) पॅरासिटामॉलही होते. कारखान्याच्या वस्तूला मर्यादा घालता येते. तापाच्या गोळीचा हिशेब मात्र त्या बाईच्याच माथी येतो. आपल्या त्या नव्या ओळीत औषध धरले जाणार असेल, तर माझा विरोध कायम आहे.